पालीची भीती तीन तासांत जाते का?

नागपूरच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या २३ वर्षांच्या मुलीला लहानपणापासून पालीची भयंकर भीती आहे. स्वयंपाकघरात पाल दिसली की त्या दिवशी ती तिथे पाऊल टाकत नाही. रात्री बाथरूमला जायचं तर आधी वडील किंवा भाऊ आत जाऊन चारही भिंती पाहून येतात. आता तिला पुण्यात नोकरी लागली आहे, पण खोली घेऊन एकटं राहायचं या विचारानेच ती नकार कळवायला निघाली आहे. एकाच बैठकीत फोबिया घालवणारा उपचार असतो, असं वडिलांनी वाचलं. मात्र मध्यंतरी एका नातेवाइकाने ‘भीती मोडतो’ म्हणत तिच्या अंगावर रबराची पाल टाकली आणि तेव्हापासून ती जास्तच बिथरली आहे. उपचार म्हणजे हेच तर नाही ना, एका दिवसात एवढं केलं तर नुकसान होणार नाही ना, असं ते विचारतात. शिवाय धाकटा मुलगा रक्त तपासायला गेला की चक्कर येऊन पडतो. त्यालाही हेच चालेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून माझं बरंचसं काम याच उपचाराचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

असा उपचार आहे आणि एखाद्या ठरावीक गोष्टीच्या फोबियासाठी तो फार चांगला चालतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ साली त्याची पद्धत मांडली: आधी नीट मुलाखत, मग जास्तीत जास्त तीन तासांची एकच सलग बैठक. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांना सरासरी दोन तासांच्या आसपास वेळ लागला, आणि सरासरी चार वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांतले ९० टक्के पूर्ण बरे किंवा बरेच सुधारलेले होते. २० माणसं म्हणजे फार नाहीत, हे खरं. पण नंतर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी तपासली गेली. ब्रिटनमध्ये ७ ते १६ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका बैठकीचा हा उपचार कित्येक आठवडे चालणाऱ्या नेहमीच्या सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या) तोडीस तोड ठरला.

रबराची पाल अंगावर टाकणं हा मात्र उपचार नाही. तो छळ आहे, आणि त्या नातेवाइकांना तुम्ही हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. त्या दिवशी तुमची मुलगी काय शिकली ते बघा. पाल कुठूनही, कधीही अंगावर येऊ शकते. घरातल्या माणसांचा भरवसा नाही. आणि भीती शिगेला पोहोचली असताना आपण किंचाळून पळालो, म्हणूनच वाचलो. उपचारात तिला याच्या नेमकं उलट शिकायचं आहे. तिथे न सांगता काहीही होत नाही. पुढची पायरी काय आहे हे तिला आधी माहीत असतं, ती स्वतः ‘हो’ म्हणते तेव्हाच ती पायरी चढली जाते, आणि थांब म्हटलं की थांबायचं. असं असूनही काम वेगाने होतं, कारण मध्ये आठवडा जात नाही. आठवड्याला एक भेट असली की मधल्या सहा दिवसांत माणूस पुन्हा टाळायला लागतो आणि पुढच्या भेटीत अर्धी वाट नव्याने चालावी लागते.

फोबिया टिकतो तो टाळण्यामुळे, आणि टाळणं म्हणजे फक्त पळून जाणं नव्हे. अशा घरांत मी आधी बारीकसारीक व्यवस्था विचारते, आणि यादी बहुतेक वेळा लांबलचक निघते. दारामागे अंड्यांची टरफलं, ट्यूबलाइटशेजारी मोरपीस, कोपऱ्याकोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. चपला घालण्याआधी तीनदा झटकणं, झोपताना डोक्यावरून चादर, उकाड्यातही बंद खिडक्या. आत शिरण्याआधी दारावर थाप मारणं, बाथरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून छताकडेच पाहत राहणं. आणि तुम्ही आत जाऊन भिंती पाहून येता, ते. तुम्ही ते मायेपोटी करता, यात शंका नाही. पण दर वेळी तिच्या मनात एकच नोंद होते: बाबांनी पाहिलं म्हणून आज वाचले. पाल असती तरी काही झालं नसतं, हे तिला कळायची संधीच येत नाही.

म्हणून मुलाखतीत माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ‘किती भीती वाटते’ हा नसतो. ‘पाल जवळ आली आणि तुला हलता आलं नाही, तर नेमकं काय होईल?’ हा असतो. उत्तरं माणसागणिक वेगळी असतात. कुणी म्हणतं, ती अंगावर उडी मारेल आणि कपड्यांत शिरेल. कुणी म्हणतं, माझं हृदय बंद पडेल. कुणाला वाटतं, मला वेड लागेल, मी किंचाळतच राहीन आणि ते थांबणारच नाही. काही घरांत पाल विषारी असल्याची पक्की समजूत असते. पंचांगातला पल्लीपतनाचा तक्ता पाहून वाढलेल्या मुलींना तर पाल अंगावर पडणं म्हणजे अशुभ, लगेच डोक्यावरून आंघोळ, हे लहानपणीच शिकवलेलं असतं. आपल्या घरातली पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू अन्नात जाऊ शकतात, म्हणून अन्न झाकायचं आणि हात धुवायचे, एवढीच खबरदारी पुरते. पण ही माहिती सांगून फोबिया जात नाही. तुमच्या मुलीला ती आधीच ठाऊक असणार. तिला ती अनुभवातून हवी आहे, आणि त्यासाठी तिचं भाकीत तिच्याच शब्दांत कागदावर यावं लागतं: ‘झाकण काढलं की पाल माझ्या अंगावर उडी मारेल, खात्री शंभरात नव्वद.’

आता तो दिवस कसा जातो ते सांगते.

झाकणाला भोकं पाडलेल्या पारदर्शक बरणीत पाल असते. एकच पाल दमते, म्हणून दोन-तीन आलटून पालटून घेतो आणि काम झालं की भिंतीवर सोडून देतो. सुरुवातीला बरणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मुलीने नजर न वळवता पाहायचं आणि जे दिसतं ते बोलायचं: रंग, डोळे, गळ्याची धडधड, बोटं. जवळ येण्याचा वेग ती ठरवते. पण एकदा पुढे आलेलं पाऊल लगेच मागे घ्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं असतं. नंतर पाल मोठ्या पारदर्शक टबात सोडली जाते आणि झाकण निघतं. तिथे मी आधी करून दाखवते, मग आम्ही दोघी मिळून करतो, मग ती एकटी. सापाला घाबरणाऱ्यांवर १९६९मध्ये अल्बर्ट बँडुरा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नुसतं पाहण्यापेक्षा असं सोबतीने करून घेणं जास्त परिणामकारक ठरलं होतं. पेन्सिलीच्या टोकाने पालीला दिशा द्यायची, मग पाठीला बोट लावायचं (शेपटीला नाही, ती तुटून पडू शकते), मग तळहात तिच्या वाटेत ठेवायचा. झाकण निघाल्यावर पाल बहुतेक वेळा माणसापासून सगळ्यात लांबचा कोपरा गाठते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी कितीही वर्षं पाहिलं तरी मला शिळं वाटत नाही.

या सगळ्यात मी ‘काही होत नाही, घाबरू नको’ असं म्हणत नाही. म्हटलं तर तिचा धीर माझ्या शब्दांवर टेकतो आणि घरी मी नसते. मी दोनच गोष्टी विचारते: काय होईल असं वाटलं होतं? काय झालं? एका वेळी एकच भाकीत तपासायचं. दीर्घ श्वास घेणं, डोळे मिटणं, मनात नामस्मरण करणं, हेसुद्धा त्या तीन तासांपुरतं बाजूला ठेवायला सांगते. नामस्मरणाला माझा विरोध नाही. पण ‘नाम घेतलं म्हणून निभावलं’ असं वाटलं, तर पालीबद्दल काहीच शिकून होत नाही.

पूर्वी असं मानलं जायचं की भीती ओसरेपर्यंत समोर उभं राहायचं, ओसरली की काम झालं. बहुतेकांची भीती बैठकीत ओसरतेही. पण मिशेल क्रास्के आणि त्यांच्यासारख्या संशोधकांच्या कामामुळे आता जोर वेगळीकडे गेला आहे: जे होईल असं ठामपणे वाटलं होतं ते झालं नाही, हा धक्का जितका मोठा, तितकं शिकणं पक्कं. त्यामुळे मुलगी थरथरत असली, रडत असली, तरी बैठक फसली असं समजू नका. छातीत धडधड होईल, घाम येईल, आणि एवढं होऊनही आपण खोलीत उभे राहू शकतो हे तिला कळेल. ‘मॅडम, आता बस’ असं म्हणून खाली बसलेली मुलगी दहा मिनिटांनी आपणहून उठते आणि ‘आणा जी, परत आणा’ म्हणते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आमच्या नागपुरी मुली हट्टाला पेटल्या की मला फार काही करावं लागत नाही.

पालीच्या बाबतीत किळस हा वेगळा भाग असतो. भीती उतरली तरी किळस मागे रेंगाळते आणि ती हळू जाते. तिच्यासाठी थोडं पुढे जावं लागतं: हाताला पाल लागल्यावर लगेच न धुता काही वेळ तसंच बसायचं, त्याच हाताने स्वतःची ओढणी, पर्स, फोन हाताळायचा. जेवणाआधी हात साबणाने धुवायचेच. शेवटचा तास मी मुद्दाम अशा गोष्टींना ठेवते ज्या रोजच्या आयुष्यात कधी कराव्या लागणार नाहीत. पाल हातावरून चालू शकते हे एकदा अनुभवलं, की बाथरूमच्या छतावरची पाल फारशी मोठी गोष्ट राहत नाही.

एका बैठकीत सगळं संपतं, असं मात्र समजू नका. बैठकीने दार उघडतं. पुढचे चार-सहा आठवडे रोज थोडा सराव लागतो. मेंदू जुनं शिकणं पुसून टाकत नाही, त्याच्या शेजारी नवं शिकणं बसवतो, आणि ते नवं शिकणं सुरुवातीला त्या खोलीशी, त्या बरणीशी, माझ्याशी बांधलेलं असतं. म्हणून जागा बदलत राहायच्या. घरातलं स्वयंपाकघर, गच्चीचा जिना, काटोल-उमरेडकडे गावचं घर असेल तर तिथला गोठा, संध्याकाळी दिव्याखालची भिंत. कधी दिवसा, कधी रात्री, कधी दमलेली असताना. टरफलं, मोरपीस, गोळ्या तिच्याच हातांनी काढायच्या. बाथरूम पाहून येणं तुम्ही बंद करायचं, पण अचानक नाही. तिच्याशी बोलून दिवस ठरवा आणि त्यानंतर मात्र पाळा. तिने आतून हाक मारली तर ‘मी बाहेर आहे’ एवढंच उत्तर पुरे.

आपल्या नागपुरात याला ऋतूचाही हिशेब असतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाली फारशा दिसत नाहीत. तेव्हा उपचार घेतलेल्याला घरी सरावच मिळत नाही, आणि होळीनंतर पहिली पाल दिसली की वाटतं सगळं वाया गेलं. वाया गेलेलं नसतं. दोन-तीन दिवसांचा सराव बहुतेकांना पुरतो. जमत असेल तर उन्हाळा-पावसाळा गाठावा.

तुमच्या मुलीसाठी माझं सांगणं असं की नोकरीला नकार अजिबात कळवू देऊ नका. रुजू होण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढे मिळते का ते विचारायला सांगा. पुण्याच्या खोलीत पहिल्या रात्री भीती थोडी डोकं वर काढेल, कारण जागा नवी आहे. त्या रात्री कुणी सोबत नको. फक्त ठरलेला सराव दुसऱ्या दिवशीच सुरू करायचा.

हा उपचार लगेच करू नये, अशाही वेळा असतात. भीतीबरोबर तासन्‌तास हात धुणं, पुन्हा पुन्हा तपासणं असेल तर तो ओसीडी (मंत्रचळ) असू शकतो आणि त्याची आखणी वेगळी होते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून पावसाच्या आवाजाने दचकणारे लोक आमच्याकडे येतात. तो साधा पाण्याचा फोबिया नसतो, त्या रात्रीच्या आठवणींवर काम करावं लागतं. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, दारूचं व्यसन असेल तर आधी ते. हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बैठकीच्या दिवशी अल्प्राझोलामसारखी चिंता कमी करणारी गोळी खाऊन येऊ नये, कारण मग श्रेय गोळीला जातं. पण रोज चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका, तिच्या डॉक्टरांशी बोला. आणि मुलीची स्वतःची इच्छा नसेल तर तुमच्या आग्रहाखातर कुणीही हा उपचार करू नये.

मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय या सरकारी ठिकाणी मानसोपचाराची सोय आहे. खासगी तज्ज्ञही बरेच आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा एक्स्पोजरचं (भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचं) काम स्वतः करणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. त्यांना बेधडक विचारा: तुम्ही खरी पाल वापरता का? बैठकीत तुम्ही स्वतः पूर्ण वेळ असता का? तिने थांबा म्हटलं तर काय करता? नंतरच्या आठवड्यांत फोनवर विचारता येईल का? उत्तरं गोलगोल आली तर दुसरीकडे जा. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता धाकट्याचं. त्याला बहिणीचा उपचार जसाच्या तसा लावू नका. रक्त आणि सुईची भीती इतर फोबियांपेक्षा शरीरात वेगळी वागते. पाल पाहून मुलीचा रक्तदाब वाढतो आणि वाढलेला राहतो, त्यामुळे तिला कितीही वाटलं तरी ती सहसा चक्कर येऊन पडत नाही. रक्त पाहणाऱ्याचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग झपकन खाली येतो, नाडीही मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हे घराण्यात चालतं. तुमच्याकडे आणखी कोण पडतं ते विचारून पाहा. म्हणूनच त्याला ‘अंग सैल सोड, शांत हो’ असं सांगणं चुकीचं आहे. सैल सोडलं की रक्तदाब आणखी उतरतो.

त्याला शिकायचं आहे ते अंग आवळणं. ऑस्ट आणि स्टर्नर यांनी १९८७मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. खुर्चीत बसून हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचं, पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा, दिवसातून काही वेळा, आठवडाभर. श्वास रोखून धरायचा नाही. आवळून डोकं दुखलं तर जोर कमी करायचा. हे अंगवळणी पडलं की मग रक्ताची चित्रं, सुई, टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा), पॅथॉलॉजीतली खुर्ची असं क्रमाक्रमाने, प्रत्येक वेळी पहिली भोवळ जाणवली की आवळत. सुई किंवा रक्ताशी संबंध नसताना कधी शुद्ध हरपली असेल, तर आधी फिजिशियनकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या.

विदर्भात मला या भीतीची जास्त काळजी वाटते, आणि तिचं कारण सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. आपल्याकडे तो पुष्कळ कुटुंबांत आहे. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक आहोत की नाही हे रक्त दिल्याशिवाय कळत नाही. ज्यांना आजार आहे त्यांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असताना नियमित तपासण्या लागतात. सुईच्या भीतीने लग्नाआधीची तपासणी टाळलेली मुलं मी पाहिली आहेत. पाल टाळून आयुष्य अडतं, पण रक्ताची तपासणी टाळण्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागू शकते.

मुलाला तपासणीला पाठवाल तेव्हा सकाळची, उन्हं चढण्याआधीची वेळ घ्या. तपासणी उपाशीपोटाची नसेल तर खाऊन जाऊ द्या, पाणी भरपूर पिऊ द्या. मे महिन्यात रिकाम्या पोटी, घामाघूम होऊन रांगेत उभा राहिलेला निरोगी माणूसही पडतो. रक्त काढणाऱ्याला आधीच सांगायचं की मला चक्कर येते, मी आडवा पडून देईन. ज्या हातातून रक्त काढायचं तो हात सैल, बाकी पाय, पोट आणि दुसरा हात आवळलेला. झाल्यावर दहा मिनिटं पडून राहायचं, मग आधी बसायचं, मग उभं राहायचं. दोन-तीन वेळा न पडता जमलं की बसून द्यायला सुरुवात करायची.